सहावी पायरी

बेकरीसमोर रोज सकाळी रांग लागायची, आणि त्या रांगेत काकूंना कधी उभं राहायला मिळालं नाही. म्हणजे त्या जायच्या, शेवटच्या माणसामागे पिशवी धरून गुपचूप थांबायच्या; पण लोक थांबू देतील तर ना! "काकू, तुम्ही कशाला मागे? पुढे या," असं कुणीतरी म्हणायचंच. मग रांग बाजूला सरकायची आणि आतून बेकरीवाला ओरडायचा, "अरे, पट्टीवाल्यांच्या काकूंना वाट द्या!" काकू मान खाली घालून पुढे जायच्या, भट्टीतून नुकताच निघालेला एक पाव घ्यायच्या आणि चोरीचा माल घेऊन पळावं तशा घरी यायच्या. लोक म्हणायचे, बाईंचा विनय बघा. विनय कसला, डोंबल! त्या गरम पावाचा अर्धा तुकडा त्यांच्या घशाखाली उतरायचा, उरलेला संध्याकाळी पक्ष्यांना जायचा.

हा मान काकूंना मिळायचा तो एका लाल रेघेमुळे. गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावरच्या भिंतीवर, साधारण मांडीच्या उंचीवर ती रंगवलेली होती. वर पत्र्याची पाटी होती. 'आजवरचे सर्वात उंच पाणी' असं तिच्यावर लिहिलेलं होतं आणि त्याखाली काकूंच्या नवऱ्याचं नाव होतं. गल्ली समुद्राच्या बाजूला, गावाच्या सगळ्यात खोलगट जागी वसलेली. पूर्वी तिथे नुसती चिखलाची खाजण होती. मोठ्या वादळानंतर ती भरून काढली, प्लॉट पाडले, आणि ज्याला दुसरीकडे जागा परवडत नव्हती तो इथे आला. चाळीस घरं झाली. प्रत्येकाने घराचं जोतं रेघेच्या फूटभर वर घेतलं आणि निर्धास्त झोपू लागला. मूल पहिल्यांदा उभं राहिलं की त्याला रेघेपाशी नेऊन टेकवायचे. "रेघ गाठली गं!" म्हणून त्याची आई गल्लीभर सांगायची. भांडणात कुणाचं खरं हे ठरवताना लोक म्हणायचे, पट्टीवाल्यांची शपथ घेऊन सांग.

पट्टीवाले म्हणजे काकूंचे यजमान. बंदराच्या धक्क्याला एक पट्टी ठोकलेली होती, पाच मीटर उंचीची, पांढऱ्यावर काळे आकडे. भरतीला पाणी किती चढलं, ओहोटीला किती उतरलं हे त्या पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं, पण करायला चिकाटी लागते. समुद्राला रविवार नसतो आणि सासुरवाडीचं लग्नही नसतं. धक्क्याच्या टोकाला उंच दगडी जोत्यावर वहीची खोली होती, बारा पायऱ्या चढून जायची. पट्टीचं डोकं आणि त्या जिन्याचा पाया एका पातळीत होते. ही गोष्ट पट्टीवाल्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला दाखवली होती. दुसऱ्यांच्या नवऱ्यांनी बागा दाखवल्या, ह्यांनी पट्टी दाखवली.

बावीस वर्षं त्यांनी एकही नोंद चुकवली नाही. मग पाठीचा कणा गेला. एके दिवशी धक्क्यावरून घरी आले, खाटेवर पडले ते पडलेच. नोकरी गेली की सरकारी खोलीही जाणार, मुलगी तेव्हा शाळेत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला काकू धक्क्यावर गेल्या. कुणाला सांगायचं नाही, एवढं ठरलं. काकू बघायच्या, लिहायच्या, आणि खाली नवऱ्याची सही करायच्या. ती सही त्यांना इतकी सराईत झाली, की स्वतःची करायची वेळ आली तर आठवावी लागायची. ओल्या साडीने घरी आल्या की खाटेवरून प्रश्न यायचा, "किती?" आणि काकू आकडा सांगायच्या. दोन वर्षं त्या घरात याहून गोड बोलणं झालं नाही, आणि काकूंना त्याहून गोड काही नकोही होतं.

मोठं वादळ आलं ते दुपारी. दोनच्या नोंदीला काकू गेल्या तेव्हा पाणी साडेचार मीटरवर होतं. म्हणाल्या, शिखर गाठू दे, मग जाऊ. पाणी पाचवर आलं आणि पट्टी संपली. काकू खोलीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आलं, दुसरी गेली, तिसरी गेली. परत जायची वाट केव्हाच बुडाली होती. काकूंनी वही पदराखाली छातीशी धरली आणि पायऱ्या मोजत राहिल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सहावी पायरी बुडाली. सातवीच्या कडेला पाणी लागलं, तिथे बराच वेळ डुचमळलं, आणि मग उतरायला लागलं. त्या आयुष्यात पुष्कळदा एकट्या पडल्या, पण तेवढ्या एकट्या नाही.

घरी आल्या. खाटेवरून प्रश्न आला, "किती?"

"पट्टी संपली हो," काकू म्हणाल्या. "वर सहा पायऱ्या."

पट्टीवाल्यांनी आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पाच लिही."

"पण पाच नव्हतं."

"रकान्यात आकडाच लिहावा लागतो. पट्टीच्या वर लिहिलंस की साहेब विचारणार, कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, कसं मोजलं. मला उभं राहून दाखव म्हणतील. पाच लिही. इथे खाजणीत राहतंय कोण? खेकडे!"

काकूंनी पाच लिहिलं. खाली नवऱ्याची सही केली. वहीची कार्बन प्रत घरी ठेवायची पद्धत होती. त्या पानाच्या मागे, का कुणास ठाऊक, त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं: सहावी पायरी पूर्ण.

पुढच्या महिन्यात साहेब लोक आले. गाडीची काच खाली करून त्यांनी समुद्र पाहिला, वही मागवली, काच वर केली. वर्षभराने खाजण भरायला घेतली आणि मोजणीदारांनी तो पाचचा आकडा धक्क्यावरून दुर्बिणीने आणून भिंतीवर ठेवला. त्यावर लाल रंग फिरला. खेकड्यांच्या जागी माणसं आली. आणि नशिबाची थट्टा अशी, की पट्टीवाल्यांना सेवेबद्दल त्याच गल्लीत घर मिळालं.

काकूंनी तेव्हा हिशेब केला होता. एक पायरी सात इंच, सहा पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट. रेघ मांडीला होती, खरं पाणी त्यांच्या डोक्यावरून जात होतं. "सांगू या का?" असं त्यांनी खाटेपाशी बसून तीनदा विचारलं. पहिल्यांदा पट्टीवाले म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, आता लोकांनी जोती बांधली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतंच तोंड भिंतीकडे फिरवलं. काही महिन्यांत ते गेले. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे सगळे त्यांच्याबद्दल बोलले. वादळात धक्का न सोडणारा माणूस! पाटीवर नाव आलं. ज्या माणसाला त्या दिवशी कुशीवर वळता येत नव्हतं, तो गल्लीचा शूरवीर झाला. काकूंच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती मूठ उघडता न येणाऱ्याच्या हाताला काय कळा लागतात, ते म्हणणाऱ्यांना विचारून बघा.

त्यानंतर त्या माणसांतून उठल्या. कुणी बसायला बोलावलं तर काम आहे म्हणायच्या. कुणी घरी आलं तर दारातच बोलून वाटेला लावायच्या. प्रेमाने विचारपूस करणाऱ्या माणसाची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. रविवारी तिचा फोन यायचा, बोलणं गुडघ्यापासून सुरू होऊन औषधापाशी संपायचं. धक्क्यावर पुढे यंत्र बसलं, आकडे आपोआप कुठेतरी जाऊ लागले. तरी भरतीच्या वेळी काकूंना आपसूक जाग यायची. रिकाम्या खाटेकडून कुणी "किती?" विचारत नसे. अशी अकरा वर्षं गेली.

आणि मग हे दुसरं वादळ आलं.

रेडिओ सांगत होता, मध्यम स्वरूपाचं आहे. वाऱ्याचा वेग अमुक, फार तर पत्रे उडतील. गल्लीने सुस्कारा सोडला. पत्र्यांवर दगड ठेवले, खिडक्यांना फळ्या मारल्या, झालं. वॉर्डातला कारकून सकाळी कर्णा घेऊन सायकलवरून आला. "ज्यांची घरं लाल रेघेच्या खाली आहेत, त्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं!" असं ओरडत तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. रेघेच्या खाली कुणाचंच घर नव्हतं. लोकांनी हात हलवून त्याला निरोप दिला.

काकू ओसरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. रेडिओ वाऱ्याचं सांगत होता, त्या पाण्याचा विचार करत होत्या. लोकांना वादळ म्हटलं की वारा आठवतो, कारण वारा आवाज करतो. पण परातीत पाणी घेऊन ती एका बाजूने हळूहळू ढकला. पाणी समोरच्या कडेला चढतंच. इथला समुद्र परातीसारखा उथळ, खाडीचं तोंड नरसाळ्यासारखं निमुळतं, आणि वादळ दोन दिवस बाहेर बसून पाणी याच बाजूला लोटत होतं. त्यात आज उधाणाची भरती, दुपारी साडेचारला. वादळ जमिनीवर यायची वेळ रेडिओने सांगितली तीही चारची. मागच्या वेळीही असंच जुळून आलं होतं.

त्यांनी मुलीला फोन लावला. कशाला, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. कुणीतरी 'सांग' म्हणावं असं वाटत असेल.

"आई, घाबरू नकोस," मुलगी म्हणाली. "बाबांची रेघ आहे ना! मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, आमच्या बाबांच्या रेघेवर अख्खी गल्ली उभी आहे."

"हो," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग त्यांनी पेटी उघडली, तळाशी ठेवलेलं कार्बन प्रतीचं पान काढलं आणि बेकरीत गेल्या. पावलं अशी जड, की चार घरांचं अंतर चार कोसांचं झालं. बेकरीकडेच का? कारण बेकरीमागच्या खोलीत बेकरीवाल्याची म्हातारी आई होती, खुबा मोडलेली, चार महिने खाटेला खिळलेली. कूस बदलली तरी तिच्या किंकाळ्या गल्लीत ऐकू यायच्या. बाकीची माणसं पाणी आल्यावर निदान माळ्यावर तरी चढली असती. म्हातारीची खाट जमिनीपासून दीड फूट होती. काकूंनी ते कधीच मनात मोजून ठेवलं होतं.

"या काकू, या!" बेकरीवाला हात पुसत म्हणाला. "आज लवकर भट्टी विझवतोय. तुमचा पाव बाजूला ठेवलाय."

"पाव नको. आजींना शाळेत न्या. आत्ता."

"अहो, डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. आणि कशाला? आपली जोती रेघेच्या फूटभर वर आहेत. तुम्हीच घाबरलात तर आम्ही कुणाकडे बघायचं!" तो हसला. "काळ्या दगडावरची रेघ आहे ती."

"ती रेघ खोटी आहे."

बेकरीवाला हसतच राहिला; हसू आवरायचं विसरून गेला असावा.

"पट्टी पाचला संपते," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी पाणी पट्टीच्या वर सहा पायऱ्या होतं. साडेतीन फूट. मी मोजलं. आणि पाच लिहिलं."

"तुम्ही? नोंद तर पट्टीवाल्यांची आहे. सही त्यांची आहे, मी स्वतः पाहिली आहे वॉर्डात!"

"सही त्यांची. हात माझा. वादळाच्या आधीपासूनच ते खाटेवर होते. धक्क्यावर मी जात होते." त्यांनी पान पुढे केलं. "मागे बघ."

त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं. पेन्सिलीचे तीन शब्द वाचायला माणसाला किती वेळ लागावा? त्याला बराच लागला. मग त्याचा चेहरा असा झाला, की काकूंना वाटलं हा आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"काकू, ही भट्टी बांधली तेव्हा मी तुम्हाला विचारायला आलो होतो. म्हटलं, फूटभर वर पुरे का? तुम्ही मान हलवलीत. पुरे म्हणालात."

"हो."

"अकरा वर्षं माझी पोरं इथे झोपतायत!"

"हो."

"आणि आज सांगताय? तेही खरं कशावरून? वय झालंय तुमचं, घाबरलात, डोक्यात काहीतरी भरून घेतलंत. या एका कागदावर मी मोडक्या हाडांची आई उचलू? ओरडून ओरडून जीव जाईल तिचा!"

मागच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. "तिला आत पाठव."

काकू आत गेल्या. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, आणि काकूंनीही बघितलं. नजर वळवली नाही.

"उचल मला," म्हातारी लेकाला म्हणाली.

"आई, अगं..."

"अकरा वर्षं ही बाई माझ्याशी जमिनीकडे बघून बोलली. मला वाटायचं, गर्विष्ठ आहे मेली. आज पहिल्यांदा तोंडाकडे बघतेय. खरं बोलतेय ती. दार काढ त्या मोरीचं, आणि त्याच्यावर घाल मला. ओरडले तर ओरडू दे, कान बंद कर."

त्यानंतर बेकरीवाल्याने जे केलं त्याबद्दल त्याला मानलंच पाहिजे. दार उचकटायला शेजाऱ्याला बोलावलं, बायकोला मुलांना घेऊन पुढे पाठवलं, आणि स्वतः गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडला, "रेघ खोटी आहे! पट्टीवाल्याने खोटा आकडा लिहिला! निघा, टेकडीवर निघा!"

"त्यांनी नाही," काकू मागून म्हणाल्या. "मी लिहिला."

त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण गल्ली अरुंद होती. दारं उघडली. लोक आधी बेकरीवाल्याकडे बघायचे, मग काकूंकडे. कुणी विश्वास ठेवला, कुणी ठेवला नाही. पण खाटेवरची म्हातारी दारावर बांधून किंचाळत टेकडीकडे चाललेली पाहिल्यावर शंका काढत घरात बसण्याची कुणाची छाती झाली नाही. दोन वाजेपर्यंत चाळीसही घरांना कुलपं लागली. काकूंना कुणी चला म्हटलं नाही. त्यांनी आपलं दार ओढून घेतलं आणि सगळ्यांच्या मागून, थोडं अंतर ठेवून, टेकडी चढल्या.

शाळेच्या मोठ्या वर्गात सतरंज्या पसरल्या होत्या. काकू दारापाशी, पाणी गळत होतं तिथे बसल्या. एरवी तीन माणसांनी उठून जागा दिली असती. आज कुणी सरकलं नाही. शिवणकाम करणारी बाई शेजारणीला म्हणाली, ऐकू जाईल अशा बेताने, "आपण जोत्यांवर दगड रचत होतो ना, तेव्हा ही ओसरीत उभी राहून बघायची. चाळीसच्या चाळीस जोती बघितली हिने."

काकूंना ते लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी चाळीस जोती बघितली होती आणि प्रत्येक वेळी, उद्या सांगू, असं म्हटलं होतं. त्यांना त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, मरून मोकळा झाला म्हणून. लगेच त्याची आठवणही आली, इतकी की भिंतीला टेकून त्या पदरात तोंड घालून रडल्या. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हाही प्रश्नच होता.

वाऱ्याने त्या दिवशी फारसं काही केलं नाही. शाळेचा एक पत्रा फडफडला, एवढंच. साडेतीनला खाडीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. शाळेच्या व्हरांड्यातून सगळे बघत होते. लाटा नव्हत्या, गर्जना नव्हती. पाणी चढत होतं आणि चढायचं थांबत नव्हतं. चारला लाल रेघ बुडाली. तेव्हा व्हरांड्यात कुणीतरी हुंदका दिला. मग ओसऱ्या गेल्या, मग दारांच्या कड्या, मग खिडक्यांचे उंबरे. म्हातारी वेदनेने कण्हत होती, आणि तिचा लेक व्हरांड्याच्या खांबाला धरून आपल्या घराची मागची खिडकी बघत होता. त्या खिडकीखाली तिची खाट होती.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि लोक परतले. चिखल, कुजका वास, उलट्या पडलेल्या पेट्या. बेकरीवाल्याच्या मागच्या खोलीत खाट तरंगून दारात आडवी अडकली होती, पाय वर करून. तो त्या खाटेसमोर चिखलातच बसला. थोड्या वेळाने त्याने गल्लीपलीकडे बघितलं. काकू आपल्या दारातला चिखल फावड्याने ओढत होत्या. दोघांची नजर भेटली. तो उठून आत गेला.

कुणीच काही बोललं नाही. पुढेही नाही. जीव वाचवल्याबद्दल माणूस एकदा आभार मानतो, फसवल्याचं मात्र रोज आठवतो. आणि गल्लीच्या बाजूने बघितलं तर तिचं तरी काय चुकलं? कोपऱ्यावरच्या पाटीवर कुणीतरी दगड मारून पट्टीवाल्यांचं नाव चेपवलं होतं. मुलीला बातमी कळली तेव्हा ती फोनवर रडली, चिडली, म्हणाली, "बाबांचं नाव राखायला हवं होतंस, आई." त्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

आठवड्याने वॉर्डातला कारकून आला. धक्क्यावरचं यंत्र वाहून गेलं होतं, जुनी पट्टीही मुळासकट गेली होती. नोंद भरायची होती आणि भरायला माणूस नव्हता. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "मावशी, वरून आदेश आहे म्हणून आलो. येता का?"

काकू गेल्या. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण त्या वाकून प्रत्येक पायरी बघत चढल्या. चिखलाची रेघ सातव्या पायरीवर होती. त्यांनी बोटं लावून मोजलं, दोनदा. मग खोलीत बसून वही उघडली आणि लिहायला लागल्या: पट्टी नाही. पट्टीचे डोके होते तिथपासून वर सहा पायऱ्या आणि चार बोटे. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली, समासात गेली.

"मावशी, रकान्यात आकडा लिहायचा असतो," कारकून हळूच म्हणाला.

"मग रकाना मोठा करा."

खाली सहीची जागा होती. हात सवयीने नवऱ्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराकडे वळला. काकूंनी तो उचलला, लेखणी झटकली आणि स्वतःचं नाव लिहिलं, शाळेतल्या मुलीसारखं सुटं सुटं, एकेक अक्षर. मग बाहेर येऊन त्या वरच्या पायरीवर थोडा वेळ बसल्या. समुद्र ओहोटीला लागला होता. "सहा पायऱ्या आणि चार बोटं," त्या कुणालातरी म्हणाल्या. कारकुनाला वाटलं त्याला म्हणाल्या. त्याने मान हलवली.

भिंतीवर नवी रेघ आली, काकूंच्या डोक्यावरून. या वेळी पाटीवर कुणाचं नाव नव्हतं. अर्धी गल्ली टेकडीकडे राहायला गेली. उरलेल्यांनी माळे उंच केले आणि शाळेची वाट पोरांकडून पाठ करून घेतली. बेकरी दोन महिन्यांनी सुरू झाली.

पहिल्या सकाळी काकू पिशवी घेऊन गेल्या. रांग लांब होती. त्या शेवटच्या माणसामागे थांबल्या. त्याने वळून बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं. पुढे या असं कुणी म्हटलं नाही. एक बाई तर गडबडीत त्यांच्या पुढेच शिरली, आणि काकूंनी तिला जागा दिली. गुडघे दुखत होते. ऊन वर आलं. काकू एकेक पाऊल पुढे सरकत राहिल्या, मान वर ठेवून. जमिनीकडे बघायचं आता काही कारण उरलं नव्हतं. भट्टीशेजारच्या खुर्चीत म्हातारी बसली होती, काठी मांडीवर घेऊन. तिने काकूंना बघितलं आणि बघत राहिली.

नंबर आला तेव्हा टोपलीत फारसं काही उरलं नव्हतं.

"किती?" बेकरीवाल्याने विचारलं. सगळ्यांना विचारत होता तसंच.

तो शब्द काकूंना किती वर्षांनी ऐकू आला होता!

"एक," त्या म्हणाल्या.

शेवटचा पाव होता, गार झालेला, एका बाजूने करपलेला. काकू तो घरी घेऊन आल्या, ओसरीवर बसल्या, आणि त्यांनी तो अख्खा खाल्ला.